नफीसाबाईच्या तव्यावरची भाकरी

दोहा, कतार
शुक्रवार, ७ जानेवारी १९८३

प्रिय सत्यभामा,

दर वेळी वरती ‘सौ. सत्यभामेस अनेक आशीर्वाद’ असं लिहितो. ते लिहिताना आपण कुणी शंकराचार्य आहोत असं वाटतं. आज प्रिय लिहिलंय. शेजारच्या खाटेवरून जालिंदर डोकावून बघत होता, त्याला म्हटलं, बाबा, तू भिंतीकडे तोंड करून झोप.

तुझं शेवटचं पत्र दसऱ्याच्या सुमारास आलं. एका ओळीचं. ‘जिच्यासाठी भाकरी शिकताय, तिलाच पत्र लिहीत जा.’ खाली ना सही, ना आईची खुशाली. त्यानंतर मी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तुझ्या आईवडिलांनी तुझं नाव फार विचार करून ठेवलेलं दिसतं. पण तुझी तरी काय चूक? लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यात ज्याने हाताने पाण्याचा तांब्याही भरून घेतला नाही, तो नवरा परमुलखातून विचारतो की पीठ मळायला पाणी किती कढत लागतं आणि भाकरी परातीतून उचलताना मोडू नये म्हणून काय करावं. कुठल्याही बाईच्या मनात पाल चुकचुकेल. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून सांगतो. बाई आहे. नाव नफीसा. रंग काळा, वय साठीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, आणि नवऱ्यावर ओरडायला लागली की आमच्या खोलीपर्यंत ऐकू येतं. आता हे पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

आमची खोली बिन महमूद भागात आहे हे तुला ठाऊक आहे. मोठ्या रस्त्याला फ्लॅट, त्यात पुण्या-मुंबईचे साहेब लोक सहकुटुंब राहतात. मागच्या बाजूला आमच्यासारखे, एका खोलीत आठ. आमच्या मागे एक गल्ली आहे. खोलीतले लोक तिला हबशी गल्ली म्हणायचे, कारण तिथली तिन्ही दुकानं काळ्या माणसांची. तोंडाशी मुबारक म्हाताऱ्याचं कॉफीचं दुकान, मध्ये नफीसाबाई आणि तिचा नवरा उस्मान यांची खानावळ, ती दोघं सुदानची. शेवटी अब्दी नावाच्या सोमाली माणसाचं चहाचं दुकान. ते नुसतं नावाला चहाचं. तिथे भाताबरोबर केळं देतात, आणि लोक ते आवडीने खातात. दोह्यात आल्यापासून साडेतीन वर्षं मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. खुबूस, म्हणजे इथली मैद्याची रोटी, आणायला बेकरीत जायचं तर वळसा घालून जात होतो. का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. जालिंदर म्हणाला, आपली माणसं तिकडं जात नाहीत, म्हणून मीही गेलो नाही. आपण तरी कुठले गोरेपान लागून गेलो होतो? इथल्या उन्हात शिड्या चढून चढून मी असा झालोय की तू स्टँडवर ओळखायची नाहीस. लिहायला लाज वाटते, पण आज खरं तेच लिहायचं ठरवलंय.

मे महिन्यात त्या खानावळीचा फ्रीजर बंद पडला आणि कंपनीने मला पाठवलं. हत्यारांची पेटी घेऊन गेलो, यंत्रामागे गुडघे टेकून बसलो, आणि वास आला. सत्यभामा, तुला कसं सांगू. चार वर्षं मी मैद्यावर काढलीत. सकाळी खुबूस, दुपारी मेसचा भात, रात्री पुन्हा खुबूस. आणि त्या बंद फ्रीजरच्या मागे मला ज्वारी भाजल्याचा वास आला. थोडा आंबूस, आंबिलीसारखा, पण ज्वारीचाच. मंगळवेढ्याच्या माणसाला ज्वारी ओळखायला काय डोळे लागतात? मी पान्हा हातात तसाच धरून उठलो आणि पडदा सारून सरळ आतल्या मुदपाकखान्यात शिरलो. हे करायचं नसतं. आत परकी बाई एकटी काम करत होती. तिने डाव उगारला. मी पान्हा खाली टाकला, पण बाहेर काही गेलो नाही. कोपऱ्यात पोतं होतं, त्यात हात घातला, मूठभर पीठ नाकाशी धरलं आणि उभा राहिलो. डोळ्यांना पाणी आलं ते पीठ उडून, असं मी नंतर खोलीत सांगितलं.

उस्मान धावत आला, त्याला माझं बोलणं कळेना, मला त्याचं. मग कोपऱ्यावरून मुबारकला बोलावलं. हा मुबारक इथलाच, कतारी. त्याला मुंबईची हिंदी येते. तरुणपणी मोती काढायच्या गलबतावर पाणबुड्या होता, मालकाबरोबर मोती विकायला मुंबईला जायचा, भायखळ्याचं नाव अजून घेतो. मालक हा शब्द मी सहज लिहिला, पण तो तसा सहज नाही. मुबारकच्या आजोबांना जांजिबारकडून पकडून आणून विकलं होतं, आणि मुबारक स्वतः जन्मापासून त्या घरचा गुलाम होता. गुलामी बंद होऊन आता तीस वर्षं झाली. तो म्हणतो, कानांत अजून समुद्र वाजतो, पण बसतो मी माझ्या स्वतःच्या खुर्चीवर. आणि बसतोही असा की दुकानात गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही, कॉफी त्यांनाच ओतून घ्यायला लावतो. पहिल्यांदा मला तो उद्धट वाटला होता. त्याची गोष्ट कळल्यावर मी स्वतःची कॉफी स्वतः ओतायला लागलो.

त्याने माझं म्हणणं नफीसाबाईला समजावलं. या माणसाच्या गावी हीच ज्वारी पिकते आणि तिची पोळी करतात. तिचा विश्वासच बसेना. तिला वाटत होतं ज्वारी फक्त सुदानात होते, बाकीच्या जगाला अल्लाने गव्हावर भागवलंय. मग तिने मला खाली बसवलं आणि वाढलं. त्यांची ती किसरा म्हणजे काय करतात, तर पीठ भिजवून आंबवतात आणि तापलेल्या तव्यावर खजुरीच्या पानाच्या तुकड्याने सारवतात. कागदाइतकी पातळ निघते. तिच्याबरोबर वाळवलेल्या भेंडीची बुळबुळीत आमटी, तिचं मला पहिल्या दिवशी काही जमलं नाही. पण बाजूला शेंगदाणे कुटून तिखट घालून केलेली चटणी होती. मी बोट लावून चाखली आणि मुबारकला म्हटलं, हिला विचार, ही सोलापूरची आहे काय.

तिथे थांबलो असतो तर आज तू मला पत्रं पाठवत राहिली असतीस. पण पोट भरलं की माझी जीभ सैल होते हे तुला नव्याने सांगायला नको. मी म्हणालो, तुमची किसरा छान आहे, पण आमची भाकरी म्हणजे काही औरच. टम्म फुगते, वरचा पापुद्रा वेगळा निघतो, थंड झाली तरी दुधात कुस्करून खाता येते. नफीसाबाई म्हणाली, करून दाखव. आणि मी म्हणालो, येत्या शुक्रवारी दाखवतो. सगळ्या गल्लीला बोलवा.

त्या शुक्रवारी मुबारक आपली खुर्ची घेऊन आला. अब्दी दुकान बंद करून आला. मी बाह्या सरसावून परातीपुढे बसलो. इथे येण्याआधी दहा वर्षं तुला रोज थापताना बघितलंय, त्यात काय एवढं, असं मनात होतं. पहिली परातीतच दुभंगली. दुसरी तव्यापर्यंत जाता जाता तीन ठिकाणी तुटली. तिसरी तव्यावर पडली ती कतारचा नकाशा होऊन. सातवीनंतर मी सांगितलं की इथलं पाणी खराब आहे. हे मुबारकने जसंच्या तसं अरबीत सांगितलं, आणि नफीसाबाई इतकी हसली की तिला भिंतीला धरून बसावं लागलं. तिने ते सगळे तुकडे आमटीत कुस्करून सर्वांना वाढले. एका मोठ्या थाळ्याभोवती आम्ही सगळे बसलो. त्या लोकांत एकाच ताटात जेवतात, आणि चांगला घास दुसऱ्याच्या बाजूला सरकवतात. माझ्या फजितीचे घास सगळ्यांनी माझ्याच बाजूला सरकवले.

त्याच आठवड्यात तुला भाकरीबद्दलचं पहिलं पत्र टाकलं. तुझी उत्तरं आली, एकाहून एक खोचक. पीठ दोन महिन्यांचं असेल तर देवाचा बाप आला तरी भाकरी थापली जायची नाही, ताजं दळा. पाणी उकळतं घ्या, आपल्या जिवाला जपू नका. तळहाताच्या मुळाने मळा, बोटांनी गोंजारू नका. मी ते पत्र मुबारकला हिंदीत सांगायचो, तो नफीसाबाईला अरबीत, आणि ती मान हलवून म्हणायची, ही बाई खरं बोलते. ताज्या पिठासाठी मुबारकने घरून त्याच्या आईचं जातं आणून दिलं, हरीस म्हणून इथे मटण घालून गव्हाची लापशी करतात, तिच्यासाठी गहू भरडायचं. ते त्याच्या दुकानाच्या मागच्या पडवीत बसवलं आणि मी कामावरून आलो की दळायला बसायचो. जात्यावर बसलेला पुरुष बघायला पहिल्या दिवशी अर्धी गल्ली जमली. तुझी पाच पत्रं आणि माझ्या दोन्ही तळहातांची सालं गेल्यावर, सप्टेंबरात एका शुक्रवारी भाकरी फुगली. सत्यभामा, ती फुगली तेव्हा मी तुला हाक मारली. मोठ्याने. तिथे कुणाला काही विचित्र वाटलं नाही, कारण तोवर तुझं नाव सगळ्यांना पाठ होतं.

पुढचं ऐकून तू हसशील. जालिंदर मला शोधत गल्लीत आला, नाकाला रुमाल लावून. शुक्रवारी हा माणूस जातो कुठे, धर्मबिर्म बदलतोय की काय, म्हणून. त्याच्यापुढे मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. त्याने रुमाल खिशात घातला आणि पाच भाकरी खाल्ल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो गाडीत भरून बीडची आणि साताऱ्याची माणसं घेऊन आला. आता दर शुक्रवारी पन्नास-साठ जण येतात. ड्रायव्हर, सुतार, वेल्डर, कुणी कुणी दोन-दोन वर्षं घरचं तोंड न बघितलेले. पाटावर बसल्यासारखे जमिनीवर मांड्या घालतात, सुदानी, सोमाली आणि आपली पोरं एकाच थाळ्याला. यल्ला भाकरी, यल्ला भाकरी, म्हणजे चला, आणा लवकर, असा ओरडा चालतो. त्या भेंडीच्या आमटीला आता आपली माणसंच जास्त मागणी करतात. मलाही ती कधी आवडायला लागली ते कळलं नाही. आणि खानावळीच्या दारावर पाटी असते, रोज काय केलंय त्याची. शुक्रवारच्या पाटीवर अरबीत लिहितात, ‘खुब्ज सत्यभामा’. सत्यभामेची भाकरी. नफीसाबाई म्हणाली, ज्या बाईने शिकवलं तिचंच नाव द्यायचं. तुझ्या त्या एका ओळीच्या पत्राच्या वेळी पाटी लागून तीन आठवडे झाले होते.

ते पत्र आलं तेव्हा माझा चेहरा बघून तिने विचारलं, काय झालं. मी वाचून दाखवलं. पुन्हा हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. मुलं किती, म्हणाली. चार वर्षांत हा प्रश्न मला इथे कित्येकांनी विचारला असेल, मी दर वेळी विषय बदलतो. तिला मात्र सांगितलं, नाहीत. ती म्हणाली, आम्हालाही नाहीत. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. उस्मानच्या भावांनी, आईने, सगळ्यांनी दुसरी कर म्हणून त्याचं डोकं खाल्लं. एक दिवस तो हिला घेऊन निघाला, दोघं इथे आली आणि खानावळ टाकली. मग तिने विचारलं, तुझी बायको कुणाजवळ राहते? मी म्हटलं, माझ्या आईजवळ, भावाजवळ. ती जे बोलली ते मुबारकला माझ्याकडे बघून सांगवेना, जमिनीकडे बघून सांगितलं त्याने. “बायकोला लोकांच्या बोलण्यात ठेवून जो नुसता पैसा पाठवतो, तो नवरा नाही. तो पोस्टमन.”

मी उठून खोलीवर आलो. दोन दिवस गल्लीत गेलो नाही. राग आला होता, आणि राग खऱ्याचाच येतो.

मागच्या सुट्टीतलं बारसं तुझ्या लक्षात असेलच. दादाच्या धाकट्याचं. तू रात्र जागून पाळणा सजवलास, आणि नाव ठेवायच्या वेळी थोरल्या वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या की सत्यभामाने जरा मागे उभं राहावं. तू मागे सरलीस. मी दारात उभा होतो, हातात माझी बॅग होती, संध्याकाळची गाडी होती. मी ऐकलं. मी ऐकलं नाही असं तुला वाटत असेल तर तसं नाही. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी बॅगेचा पट्टा आवळत बसलो. हे त्या एका दिवसाचं नाही. सोलापूरची गिरणी बंद पडली म्हणून मी गल्फला आलो असं मी सगळ्यांना सांगतो. गिरणी बंद पडली हे खरं, पण वायरमनला बार्शीतही काम मिळत होतं. त्या घरात तुला बोललेलं मला ऐकावं लागू नये म्हणून मी समुद्रापार आलो. स्वतःचे कान वाचवले आणि तुला तिथेच ठेवली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, कारण नुसता तुझा संशय फेडायला मी एवढी शाई घालवली नसती. फेब्रुवारीअखेर कंपनीशी माझा करार संपतोय. नफीसाबाईचे गुडघे तिला उभं राहू देत नाहीत. तिला रोज भाकरी ठेवायची आहे आणि खानावळ चालवायला आपल्यातलं माणूस हवंय. मला ठेवून घे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, तू फ्रीजर बघ, भाकरी तुझी अजून जाडच होते, मला शिकवणारी हवी. खानावळीच्या कागदावर कफील, म्हणजे इथला जामीनदार, म्हणून मुबारकची सही चालते. तो माझ्याबरोबर व्हिसाच्या कचेरीत आला. या पत्रासोबत पाठवलेला फॉर्म तिथलाच, तुझ्या व्हिसाचा. त्यावर तुझं नाव, तुझा फोटो, तुझी सही लागेल. कारकुनाने विचारलं, ही बाई काय काम करते? याआधी जिथे जिथे हा प्रश्न आला तिथे मी ‘काही नाही’ असं लिहून दिलंय, रेशन कार्डापासून. या वेळी मी म्हणालो, ती स्वयंपाकाची उस्ताद आहे, मी तिच्या हाताखाली शिकलोय. कारकुनाने मुबारककडे बघितलं, आणि मुबारक, जो कुणासाठी उठत नाही, तो उभा राहून म्हणाला, लिही, लिही. पासपोर्टचं तुझा भाऊ आबासाहेब करून देईल, त्याची तालुक्याला ओळख आहे. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतोय. आईला अजून काही कळवलेलं नाही, आधी तुला. कुणाला विचारत बसू नकोस. तुला यायचं नसेल तर फॉर्म चुलीत घाल. मग मी कायमचा परत येतो, मिळेल ते काम करतो, आणि त्या घरात तुला कुणी मागे उभं राहा म्हणालं तर या वेळी माझ्या हातात बॅग नसेल. यायचं असेल तर सही कर. चौदा वर्षांत मी तुला काय हवंय ते कधी विचारलं नाही, आज विचारतोय. इथे की तिथे, ते तू ठरव. मी जिथे तू असशील तिथे राहणार.

तुझाच,
निवृत्ती